ताट आणि तंटा यांच्या पलीकडे

गेल्या बकरी ईदच्या चार दिवस आधी आमच्या मोहल्ल्यात एक बोकड मेला. चांगला उंचापुरा, काळाभोर. घरातल्या मुलांनी आठवडाभर त्याचे लाड केले होते. कुणी चपाती भरवली, कुणी पाव, कुणी रात्रीचा उरलेला भात. शेजारच्या खालांनी मायेने परातभर भिजवलेले गहू आणून पुढे ठेवले आणि त्याने ते हावरटासारखे संपवले. दुसऱ्या दिवशी त्याचे रवंथ थांबले. तो दात खाऊ लागला, डावी कूस फुगली, पातळ हगवण लागली. संध्याकाळी बसला तो उठलाच नाही. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले व्यापाऱ्याने आजारी माल गळ्यात मारला. पशुवैद्यकीय डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी रिकामी परात पाहिली आणि घरमालकाला एवढेच म्हणाले, "नजर नाही बाधली चाचा, गहू बाधले."

या वाक्याने आम्हाला अस्वस्थ केले. आपल्या समाजातल्या असंख्य कुटुंबांचा शेळ्या-मेंढ्यांशी आणि गुरांशी संबंध आहे. कुणी पाळतात, कुणी बाजारात ने-आण करतात, कुणी कातड्याचा व्यवहार करतात, कुणी मटणाचे दुकान चालवतात, कुणी दुधाचा धंदा करतात. आणि वर्षातून एकदा शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबालाही चार दिवस बकऱ्याचे यजमानपद मिळते. तरीही जनावर म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: ताट किंवा तंटा. एक तर ते जेवणाचा विषय असते, नाहीतर कायद्याचा, राजकारणाचा, भांडणाचा. ते एक जिवंत शरीर आहे, त्याच्या पोटाची, दातांची, श्वासाची काही रीत आहे आणि ती शिकता येते, हे आपल्या बोलण्यात क्वचितच येते. आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही. 2015 च्या प्राणी रक्षण (सुधारणा) कायद्यावर आम्ही हिरिरीने बोलत आलो. शेळीच्या पोटावर बोलायचे मात्र राहून गेले. आज ते बोलू.

गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा, कोटीपोट. दुसरा जाळीपोट, त्याच्या आतल्या बाजूस मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असते. तिसरा पडदेपोट, वहीच्या पानांसारख्या पडद्यांचा. चौथे खरे पोट, आपल्या जठरासारखे आम्ल आणि पाचकरस सोडणारे. आपण ज्याला 'पचन' म्हणतो ते या चौथ्या कप्प्यात सुरू होते. त्याआधी जे घडते ते पचन कमी आणि आंबवणे जास्त.

कोटीपोट ही एक उबदार, अंधारी, प्राणवायू जवळजवळ नसलेली टाकी आहे. तिच्यात अब्जावधी जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या राहतात. गवतातला सेल्युलोज फोडणारे विकर ना आपल्या शरीरात आहे, ना गाईच्या, ना शेळीच्या. ते या सूक्ष्मजीवांकडे आहे. ते गवत आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात आणि तीच कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जाऊन जनावराला शक्ती देतात. तयार झालेला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जनावर ढेकर देऊन बाहेर टाकते. पुढे हे सूक्ष्मजीव चाऱ्यासोबत वाहत चौथ्या पोटात जातात आणि तिथे स्वतःच पचतात. म्हणजे गाय गवत खाते तेव्हा ती आधी सूक्ष्मजीवांना जेवू घालते आणि मग त्यांच्याच प्रथिनांवर जगते. माणसाला ज्याचा अन्न म्हणून काहीच उपयोग नाही त्या काडीकचऱ्याचे दूध आणि मांस होते ते या भागीदारीमुळे.

या भागीदारीला एक अट आहे. टाकीतली आम्लता काबूत राहिली पाहिजे. त्यासाठी निसर्गाने लाळ दिली. गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत सोड्यासारखा क्षार असतो, तो आम्ल शमवतो. लाळ सुटते चावण्यातून, आणि चावणे होते तंतुमय चाऱ्यामुळे. म्हणूनच निवांत बसून रवंथ करणारे जनावर हे निरोगी जनावर. त्याच्या पुढे अचानक गहू, तांदूळ, पाव, चपाती यांचा ढीग ठेवला की हिशेब बिघडतो. पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू बेसुमार वाढतात, चाऱ्यावर जगणारे मरतात. चावायला फारसे काही नसल्याने लाळही कमी सुटते. आम्लता वाढत जाते, शरीरातले पाणी कोटीपोटात खेचले जाते, जनावर कोरडे पडते आणि कोसळते. आमच्या मोहल्ल्यातल्या बोकडाचे नेमके हेच झाले.

धान्य विष नाही. शेतकरी आपल्या बोकडाला मका, हरभरा देतोच. पण तो मूठभरापासून सुरू करतो आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतो, कारण पोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या आहाराशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. बाजारातून आणलेल्या बकऱ्याकडे तो वेळ नसतो. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारलात तर दुसरा हा विचारा: "आजवर याला काय खायला घालत होता?" तोच चारा पुढे चालू ठेवा. सुका चारा, झाडपाला, स्वच्छ पाणी. कौतुकाने भरवायचेच असेल तर मुलांच्या हातात सुबाभळीची नाहीतर बोरीची डहाळी द्या. रवंथ थांबले, डावी कूस ढोलासारखी झाली तर तेल पाजण्याचे, हळद लावण्याचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. कोटीपोट डाव्या बाजूला असते, म्हणून फुगारा तिथेच दिसतो, एवढे कळले तरी अर्धी घबराट कमी होते.

आता दातांकडे वळू. ईदच्या बाजारात बकऱ्याचे तोंड उघडून पाहणारे पुष्कळ भेटतात, पण काय पाहायचे हे थोड्यांनाच ठाऊक असते. या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिथे एक कडक गादी असते. वरचे दात 'पडलेत' म्हणून बकरा म्हातारा ठरवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पाहायचे ते खालचे आठ पुढचे दात. आधी ते दुधाचे असतात, लहान आणि पांढरेशुभ्र. साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या दरम्यान मधली जोडी पडून तिथे दोन रुंद, कायमचे दात येतात. तो 'दोनदाती'. दोन वर्षांच्या आसपास चारदाती, तीनच्या आसपास सहादाती, आणि चारच्या आसपास आठही दात पूर्ण. गाई-बैलांत हीच गोष्ट उशिरा घडते, पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते.

आपल्या सणाशी याचा थेट संबंध आहे. हनफी परंपरेत बकऱ्याचे एक वर्ष पूर्ण लागते, तर कोकणातली बरीच कुटुंबे ज्या शाफई परंपरेतली आहेत तिथे दोन वर्षे. वयाची अट पाळायची तर वय ओळखता आले पाहिजे. पण दात हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. जात, चारा आणि पोषण यांवर दोन-चार महिने मागेपुढे होतात. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी बकऱ्याचे दुधाचे दात अजून शाबूत असू शकतात. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पाळणाऱ्याने लिहून ठेवलेली जन्मतारीख. पाळणारा तुमच्याच ओळखीतला, तुमच्याच तालुक्यातला असेल तर ती मिळते. फोटो पाहून हजारो रुपये मोजणाऱ्याला ती कुठून मिळणार?

तसेच वजनाचे. फुगलेले पोट म्हणजे अंगावर मांस नव्हे. पाणी पाजूनही पोट भरता येते. जाणकार माणूस कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे हात ठेवतो. मणक्याची टोके बोटांना करवतीसारखी टोचली तर जनावर खंगलेले. हलके दाबल्यावर गोलसर लागली तर बरे. मुळीच लागली नाहीत तर चरबी जास्त. पशुविज्ञानात याला एक ते पाच असे गुण देतात. खालची पापणी हलकेच ओढून पाहा. आतला भाग गुलाबी-लालसर हवा. पांढुरका असेल तर पोटात रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. हे दोन्ही करायला यंत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

शेळी, मेंढी आणि गाय यांना आपण एकाच दावणीला बांधतो, पण त्या एकसारख्या नाहीत. गाय जिभेने गवताचा विळखा घालून ओढते, म्हणून तिला उंच गवत लागते. मेंढी दुभंगलेल्या वरच्या ओठाने जमिनीलगतचे बुटके गवत खुडते. शेळी मुळात चरणारी नव्हे, ओरबाडणारी. ती मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला काढते, काट्यांतून नेमके पान वेचते. मेंढीची गुणसूत्रे 54, शेळीची 60. दिसायला बहिणी, पण वंश वेगळे. मेंढीला तांबे लवकर बाधते, म्हणून गाईचे खनिज मिश्रण सरसकट मेंढीपुढे ठेवणे धोक्याचे. शेळी आणि मेंढी साधारण पाच महिन्यांत वितात, गाय नऊ महिने आणि थोडे दिवस घेते. आणि तिघींचीही पिल्ले जन्मतात ती रोगप्रतिकारक शक्तीची शिदोरी न घेता, कारण आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोचत नाहीत. ती मिळतात पहिल्या चिकातून आणि तीही पहिल्या काही तासांतच नीट शोषली जातात. आपल्याला खरवस आवडतो. पण वासराचा वाटा आधी, खरवस नंतर. ही नुसती दया नाही, पुढच्या दुभत्या जनावराचा पाया आहे.

आपल्या मातीत या ज्ञानाची खाण आहे. धाराशिव, लातूर, बीडकडची काळी उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी आणि कोरड्या हवेत तग धरण्यासाठी प्रसिद्ध. संगमनेरी, विदर्भातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ या आपल्या इतर जाती. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीतून धनगरांची घोंगडी झाली. ही मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीतले जुळी देणारे जनुक दख्खनी रक्तात आणले आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी उभी केली. याच जनुकामुळे ऑस्ट्रेलियातल्या एका मेरिनो कळपाचे जगभर नाव झाले होते. ते तिथे पोचले अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून गेलेल्या मेंढ्यांतून, असे संशोधकांचे मत आहे. जगाने कौतुक केलेली वस्तू आपल्याच अंगणात होती. ती ओळखायला अभ्यास लागला.

देशाच्या 2019 च्या पशुगणनेत सुमारे 14.9 कोटी शेळ्या, 7.4 कोटी मेंढ्या आणि 19.2 कोटी गाय-बैल मोजले गेले. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. दवाखान्याचे बिल, शाळेची फी, लेकीचे बाळंतपण अशा अडचणीला गावातली बाई सोने मोडत नाही, बोकड विकते. ती शेळी बहुतेक वेळा तिच्याच हातची वाढलेली असते. तिच्या गोठ्यात एका पावसाळ्यात आंत्रविषार किंवा पीपीआर शिरला की वर्षाची बचत आठवड्यात संपते. दोन्हींवर लस आहे. पीपीआरची एक मात्रा सुमारे तीन वर्षे संरक्षण देते.

लसीने काय साधते याचे उदाहरण आपल्या आजोबांच्या आठवणीत आहे. बुळकांडी. गावेच्या गावे गुरांविना ओस पाडणारा हा रोग 2011 मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच विषाणुजन्य रोग. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर याच घराण्यातला आणि तो 2030 पर्यंत संपवायचे उद्दिष्ट जगाने ठेवले आहे. ते गाठायचे तर फक्त सरकारी पशुधन अधिकारी पुरणार नाहीत. वस्तीवर कोणाच्या शेळ्यांना लस मिळाली, कोणाच्या राहिल्या, याची वही ठेवणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी लागेल.

काही रोग जनावरांकडून आपल्यात येतात. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलली किंवा कच्चे दूध प्यायले तर ब्रुसेलोसिस होऊ शकतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी ही त्याची ओळख. दुसरी गोष्ट ईदच्या दिवशी लक्षात ठेवायची. काळीज किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या फोडासारख्या गाठी आढळल्या तर तो भाग कुत्र्यांपुढे टाकू नका. त्या एका फीतकृमीच्या गाठी असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात, कृमींची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर, मुलांच्या हातांवर येतात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी धरतात. तो भाग खोल पुरणे किंवा पालिकेच्या व्यवस्थेकडे देणे हे सोपे काम आहे. आपण गल्ली स्वच्छ ठेवतो ती शेजाऱ्यांनी नाव ठेवू नये म्हणूनच नव्हे, तर आपल्याच पोरांच्या आरोग्यासाठी.

आमच्या काही मित्रांना हे सगळे विचित्र वाटेल. "ज्याला कापायचंच आहे, त्याचं शास्त्र कशाला शिकायचं?" आमचे उत्तर उलटे आहे. ज्याचा जीव आपण घेणार आहोत त्याच्याविषयी अडाणी राहण्याचा हक्क आपल्याला सर्वांत कमी आहे. बकऱ्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, पण खोलीचा अंदाज कमी येतो. म्हणून तो जिन्याच्या काळोख्या तोंडाशी, ओल्या फरशीच्या चकाकीशी अडून बसतो. तो हट्टी नसतो, घाबरलेला असतो. कान धरून ओढले, एका पायावर उचलले की भीती वाढते. तो कळपातला प्राणी आहे, एकटा बांधला की ओरडतो. दमलेल्या, भेदरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते. मग कापल्यावर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते गडद, चिवट राहते आणि लवकर खराब होते. जनावराला आराम द्या, पाणी पाजा, त्याच्यासमोर सुरी पाजळू नका, असे आपले वडीलधारे सांगत आले. त्यामागची करुणा आपण विसरलो असलो तर निदान विज्ञान तरी आठवू. दोन्हींचा सल्ला एकच आहे.

दुसरा आक्षेप असा की जनावरांचे नाव काढले की आपल्यावर संशय घेतला जातो, मग त्या वाटेला जाच कशाला? भीती खोटी नाही, ती कशातून आली हे आम्हाला ठाऊक आहे. पण पाठ फिरवल्याने तंटा मिटत नाही, फक्त आपले बोलणे पोकळ होते. शेतकरी, धनगर, व्यापारी, खाटीक, चर्मकार आणि दूधवाला ही एकाच दोरीची पेडे आहेत. एक पेड तुटला तर दोरी सगळ्यांची सैल होते. हे गावातल्या माणसाला भाषणातून पटणार नाही. जो त्याच्या शेळीचा ताप मोजून देतो, वासराला चीक पाजायला रात्री धावतो, त्याने सांगितले तर पटेल.

शिवाय हे काम आपल्याला परके नाही. अरबीत पशुवैद्याला 'बैतार' म्हणतात आणि त्या विद्येवर मध्ययुगात मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले. उर्दूत घोड्यांच्या वैद्याला 'सलोतरी' म्हणत आले. हा शब्द संस्कृतातल्या शालिहोत्राच्या नावावरून आला. एका वैद्याने दुसऱ्याची पोथी वाचताना धर्म विचारला नाही, हे त्या शब्दातच लिहिलेले आहे. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालये आहेत. नीट परीक्षेत एमबीबीएसचा आकडा हुकला की आपल्याकडची मुले घरी बसतात किंवा कर्ज काढून परदेशाची वाट धरतात. त्याच नीटच्या गुणांवर साडेपाच वर्षांची पशुवैद्यकाची पदवी मिळते, हे किती घरांत माहीत आहे? आपल्या मुलींनाही हे क्षेत्र खुले आहे, आणि शेळ्या सांभाळणारी बाई आपले गाऱ्हाणे डॉक्टरसाहेबांपेक्षा डॉक्टरीणबाईंना मोकळेपणाने सांगते.

पदवी सगळ्यांनी घ्यावी असे नाही. येत्या ईदला एवढे करून पाहा. बकरा आणण्याआधी पाळणाऱ्याला एकदा भेटा. त्याचा चारा विचारा, दात आणि पापणी स्वतः पाहा. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवा. आणि गल्लीतल्या मुलांना एकदा शांत बसून त्याचे रवंथ मोजायला लावा. एक घास वर येतो, पन्नाससाठ वेळा चावला जातो, खाली जातो, थोडे थांबून दुसरा येतो. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या खालांनी यंदा दारावर खडूने लिहून ठेवायचे ठरवले आहे: "बकऱ्याला चपाती, पाव, भात देऊ नये." मुलांनी कारण विचारले तर त्यांना चार कप्प्यांची गोष्ट सांगता यावी, म्हणून त्या आमच्याकडून ती दोनदा ऐकून गेल्या आहेत.